डिबग चालू केलं, पण बंद कोण करणार?

वाचकांचे प्रश्न : नेटवर्कवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडचे केबलवाले आता फायबरवरून इंटरनेट देतात. ओएलटी (केबलवाल्याकडचं फायबरचं मुख्य यंत्र), राउटर आणि ग्राहकांच्या घरचे ओएनयू (फायबर जिथे संपते तो डबा) यांच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर काहींनी गावातल्याच मुलांकडून लिहून घेतलं आहे. या वेळची पत्रं त्यातल्याच एका दुखण्याची आहेत : बिघाड शोधायला डिबग (सॉफ्टवेअर आत काय करतंय त्याची बारीकसारीक नोंद लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, करण्याची सोय) लावावं तर माहितीचा पूर येतो, न लावावं तर काहीच दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे १२ ओएलटी आणि सुमारे ६,००० ओएनयू आहेत. सॉफ्टवेअर पायथनमधलं. त्यात डिबगचा एकच खटका, चालू नाहीतर बंद. एका ओएलटीचे आकडे चुकीचे येत होते म्हणून तो चालू केला, तर बाराच्या बारा ओएलटींचं सगळं धो धो सुरू. लॉग बघून बघून डोळे गेले की हो! पातळ्या लावल्या तर भागेल का?
— वाचक, निपाणी

उत्तर : अर्धंच भागेल. पातळी फक्त ‘किती गंभीर’ एवढं सांगते. सिसलॉगच्या (यंत्रांचे लॉग लिहिण्या-पाठवण्याच्या प्रचलित) पद्धतीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत : ० म्हणजे इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ६ माहिती आणि ७ डिबग. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला हवं होतं एकाच ओएलटीबद्दलचं, तेही फक्त एसएनएमपीच्या (यंत्राला त्याची स्थिती विचारण्याच्या भाषेतल्या) उत्तरांबद्दलचं. म्हणून पातळीच्या जोडीला आणखी दोन नियंत्रणं लागतात : विषय आणि यंत्र.

विषय आठ ते बारा पुरतात. पोलिंगचं (यंत्रांना ठरावीक वेळाने विचारण्याचं) वेळापत्रक, एसएनएमपीची विनंती-उत्तरं, कच्ची पॅकेट, ट्रॅपची (यंत्राने आपणहून पाठवलेल्या सूचनांची) आवक, डेटाबेस, अलार्मचे नियम, एसएमएस-ईमेल, लॉगिन अशी यादी करा. विषयांची नावं सोर्स फाइलवरून पाडू नका, बिघाडावरून पाडा. रात्री दोनला फोन घेणाऱ्या माणसाला ‘युटिल-२’ या नावावरून काही कळत नाही, ‘एसएनएमपी.उत्तर’वरून कळतं. नावं टिंबांनी जोडून उतरंड करा, म्हणजे ‘एसएनएमपी’ लावलं की त्याखालचं सगळं लागेल आणि ‘एसएनएमपी.पॅकेट’ लावलं तर तेवढंच. नेट-एसएनएमपी या साधनसंचात मोठ्या डी-च्या पर्यायाला टोकन (विषयाचं नाव) देतात, ते याच तत्त्वावर चालतं : नावाची सुरुवात जुळली की ओळ छापली जाते. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये तर विषय वगळताही येतो. पीपीपीओईचं (ग्राहकाच्या लॉगिन-जोडणीचं) डिबग लावायचं आणि पॅकेट या विषयाआधी उद्गारचिन्ह टाकायचं, की पॅकेटचा पसारा गळतो. ही वगळण्याची सोय तुमच्याकडेही ठेवा, ती फार वापरली जाते.

यंत्राची चाळणी करायची तर प्रत्येक संदेशासोबत ओएलटीचा पत्ता जायला हवा. तो मजकुरात कोंबू नका, स्वतंत्र रकाना म्हणून पाठवा. पायथनमध्ये इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, वरच्या लॉगरला (संदेश स्वीकारणाऱ्या भागाला) लावलेली चाळणी खालच्या लॉगरकडून आलेल्या संदेशांना लागतच नाही. त्यामुळे चाळणी हँडलरला (संदेश प्रत्यक्ष लिहिणाऱ्या भागाला) लावा, तिथे सगळं येतं. दोन, दर ओएनयूला एक लॉगर अशी युक्ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. एकदा तयार झालेला नावाचा लॉगर प्रोग्रॅम संपेपर्यंत मेमरीत राहतो आणि ६,००० लॉगर उगाच साठतात.

आणखी एक गोष्ट न विचारता सांगतो. ग्राहकाचा ओएनयू बंद पडला म्हणून सॉफ्टवेअरने ‘एरर’ लिहू नये. ते तुमच्या नेटवर्कचं दुखणं आहे, सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं आहे. अशी घटना नोटीस (वॉर्निंगच्या एक पायरी खालच्या) पातळीवर लिहावी आणि एरर ही पातळी सॉफ्टवेअरलाच काही जमलं नाही त्यासाठी राखावी. हे वेगळं ठेवलं नाही तर एररची फाइल रोज भरलेलीच असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

प्रश्न : आमचं डिबग सेटिंग फाइलमध्ये आहे, ते बदललं की सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. पण रीस्टार्ट केली की बिघाडच नाहीसा होतो आणि चार दिवसांनी परत येतो. चालत्या सॉफ्टवेअरमध्ये डिबग कसं लावायचं?
— वाचक, खानापूर

उत्तर : रीस्टार्टने बिघाड जातो याचा अर्थ तो मेमरीतल्या अवस्थेत आहे : अडकलेलं कनेक्शन, तुंबलेली रांग, शिळी झालेली कॅशे. रीस्टार्ट केलं की पुरावाच पुसला जातो. तेव्हा चालू प्रक्रियेला बाहेरून सांगता येणं ही चैन नव्हे, गरज आहे.

याच्या तीन रीती आहेत. सर्वांत साधी म्हणजे सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिममार्फत चालत्या प्रोग्रॅमला दिलेला इशारा) : यूएसआर-१ आला की पातळी एकाने वाढवायची, यूएसआर-२ आला की एकाने उतरवायची. सिग्नल हँडलरमध्ये फक्त एक चल बदला, फाइल उघडणं किंवा छापणं तिथे करू नका. छपाईच्या मधेच सिग्नल आला तर प्रोग्रॅम स्वतःच्याच कुलपावर अडकू शकतो. पण सिग्नलला विषय किंवा यंत्र सांगता येत नाही, तिथे ही रीत संपते.

दुसरी रीत सेटिंग फाइल पुन्हा वाचण्याची. पायथनमध्ये डिक्ट-कॉन्फिग (लॉगची सेटिंग लावणारं फंक्शन) पुन्हा चालवलं की जे लॉगर नव्या फाइलमध्ये नावानिशी नाहीत ते गप्प होतात, कारण ‘डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स’ हा पर्याय मुळातच खरा धरलेला असतो. तो खोटा करा. नाहीतर डिबग लावायला गेलात आणि होतं नव्हतं तेही बंद झालं, असं होईल. फाइलमध्ये चूक असेल तर जुनी सेटिंग तशीच ठेवून एक वॉर्निंग लिहायची. अर्धी नवी, अर्धी जुनी असं होऊ देऊ नका.

तिसरी, आणि माझ्या मते तुमच्यासाठी योग्य, म्हणजे कंट्रोल सॉकेट. सर्व्हरवरच्या एका युनिक्स सॉकेटवर (एकाच सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमनी आपसात बोलायच्या वाटेवर) छोटी कमांड पाठवायची : विषय अमुक, यंत्र अमुक, मुदत १० मिनिटं. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालत्या सर्व्हरला लॉग पातळी वाढव असं सांगता येतं, तेही फक्त पोलरसाठी (यंत्रांना विचारणाऱ्या प्रक्रियांसाठी) किंवा फक्त तिसऱ्या पोलरसाठी. त्यात डिबगच्या पातळ्या ० ते ५ आहेत आणि मुळात ३ लावलेली असते. फ्रीरेडियस या ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारं रेडडिबग याहून नेमकं आहे : एका ग्राहकाचं युजरनेम द्यायचं, त्याच्यापुरतंच डिबग दिसतं आणि वेळ दिली नाही तर ६० सेकंदांनी आपोआप थांबतं.

ती मुदत तुम्हीही सक्तीची करा. डिबग लावताना माणूस घाईत असतो, बिघाड सापडला की गाडीवर बसून निघून जातो. बंद करायचं लक्षात राहत नाही, आणि राहावं ही अपेक्षाही चुकीची आहे. म्हणून मुदत न देता डिबग लागूच नये : न सांगितल्यास १५ मिनिटं, जास्तीत जास्त ४ तास. संपल्यावर लॉगमध्ये एक ओळ यावी, कोणतं डिबग संपलं आणि ते कुणी लावलं होतं याची. ‘आत्ता काय काय चालू आहे’ हे दाखवणारी कमांडही हवी, नाहीतर शिफ्ट बदलल्यावर दुसऱ्याला पत्ताच लागत नाही.

कुणाचं ऐकायचं याचा क्रम ठरवून लिहून ठेवा. कोडमधली मूळ किंमत सर्वांत खाली, त्यावर सेटिंग फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट, त्यावर कमांड लाइन आणि सर्वांत वर चालू असताना दिलेली आज्ञा. ही शेवटची रीस्टार्टनंतर टिकू नये. सुरुवातीच्याच काही सेकंदांत बिघाड होत असेल तर कमांड लाइन आहेच.

प्रश्न : उद्यमबागमधल्या आमच्या कारखान्यात स्विच आणि राउटर मिळून ६० यंत्रं आहेत. डिबग लावलं की देखरेखीचं सॉफ्टवेअर मंद होतं, पोलिंग मागे पडतं आणि चांगली यंत्रंही बंद दिसू लागतात. एकदा राउटरवरच डिबग लावलं तर राउटर अडकला. चार ओळी लिहायला एवढा भार कसा?
— वाचक, बेळगाव

उत्तर : आधी राउटरचं. कन्सोलची (राउटरला थेट वायरने जोडायच्या पोर्टची) गती बहुतेक वेळा ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) असते. एका अक्षराला सुरुवात आणि शेवट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० अक्षरांची ओळ धरली तर सेकंदाला फक्त १२ ओळी. सिस्कोवर प्रत्येक आयपी पॅकेटचं डिबग लावून ते कन्सोलवर सोडलं तर सेकंदाला हजारो ओळी त्या १२ ओळींच्या नळीत घुसवायच्या असतात आणि प्रोसेसर त्यातच गुंततो. म्हणून आधी कन्सोलचं लॉगिंग बंद करून मेमरीतल्या बफरकडे वळवावं, ॲक्सेस लिस्टने एकाच पत्त्यापुरतं मर्यादित करावं आणि मगच डिबग लावावं. ‘अनडिबग ऑल’ ही कमांड दुसऱ्या खिडकीत आधीच टाइप करून ठेवावी. राउटर गुदमरल्यावर टाइप होत नाही.

सॉफ्टवेअर मंद होण्याची कारणं दुसरी आहेत. पहिलं : डिबग बंद असतानाही संदेश तयार होत असतो. एसएनएमपीचं सगळं उत्तर वाचण्याजोग्या मजकुरात बदलायचं, मग पातळी तपासायची आणि मग तो मजकूर फेकून द्यायचा, असं कोड सर्रास दिसतं. आधी तपासा, मग मजकूर बनवा. पायथनमध्ये संदेशाचा साचा आणि किंमती वेगवेगळ्या द्या, त्या आधीच जोडू नका. किंमत काढायलाच वेळ लागत असेल तर ‘इझ-एनेबल्ड-फॉर’ विचारून पुढे जा.

दुसरं कारण मोठं : पोलर स्वतःच फाइलमध्ये लिहीत असतो आणि डिस्क अडली की पोलरही अडतो. एसएनएमपीची विनंती दोन सेकंदांत टाइमआउट होणार असेल आणि त्यातला दीड सेकंद लिहिण्यात गेला, तर उत्तर येऊनही उशिरा वाचलं जातं. चांगलं यंत्र बंद दिसतं ते यामुळे. उपाय म्हणजे मधे मेमरीतली रांग आणि लिहिण्यासाठी वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग). रांगेला मर्यादा हवीच, समजा १०,००० संदेश. भरली तर डिबगचे संदेश टाकून द्या, पण एररचे टाकून देऊ नका, आणि किती टाकून दिले तो आकडा लिहा. मर्यादा नसलेली रांग म्हणजे डिस्कचं दुखणं मेमरीवर ढकलणं.

तिसरं कारण गमतीचं आहे. लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरला जात असेल आणि डिबग पाठवणाऱ्या भागाचंच लावलं असेल, तर प्रत्येक ओळ पाठवताना नवी ओळ तयार होते. ती पाठवताना आणखी एक. लॉग पाठवणाऱ्या कोडचं डिबग कधीही त्याच वाटेने जाऊ देऊ नका, ते स्थानिक फाइलमध्येच ठेवा.

जागेचा हिशेबही करून बघा. निपाणीच्या वाचकाचे ६,००० ओएनयू घेऊ. प्रत्येकाची ६ वाचनं, दर पाच मिनिटांनी, वाचनामागे विनंतीची एक आणि उत्तराची एक ओळ, ओळ १५० बाइटची. एका फेरीत १०.८ एमबी. दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे ३.१ जीबी. लॉगसाठी २० जीबी ठेवले असतील तर सातव्या दिवशी डिस्क भरते. त्याच पार्टिशनवर डेटाबेस असेल तर तोही लिहायचा थांबतो. लॉगला वेगळं पार्टिशन द्या आणि फाइलला आकाराची मर्यादा घाला. पायथनच्या रोटेटिंग हँडलरमध्ये (भरलेली फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणाऱ्या भागात) आकार आणि जुन्या फाइलींची संख्या या दोन्ही किंमती मुळात शून्य असतात, म्हणजे फाइल कधी फिरतच नाही. अनेक प्रक्रिया एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर ही पद्धत चालत नाही, सर्वांनी एका लेखकाकडे पाठवावं. लॉगरोटेट (हेच काम बाहेरून करणारं साधन) वापरत असाल तर फाइल बदलल्यावर प्रोग्रॅमला ती पुन्हा उघडायला सांगा. नाहीतर तो पुसलेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत बसतो आणि ‘डीएफ’ (डिस्कची जागा सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली, ‘डीयू’ (फाइलींचा आकार मोजणारी) म्हणतं काहीच नाही.

प्रश्न : आमच्याकडे वादळी पावसात लाईट गेली की शेकडो ओएनयू एकदम बंद, आली की एकदम चालू. त्या पाच मिनिटांत त्याच त्याच ओळींनी लॉग भरतो. त्यात खरोखर फायबर तुटली असेल तर ती ओळ हरवते. दाबायचं काय आणि ठेवायचं काय?
— वाचक, अथणी

उत्तर : सरसकट ‘सेकंदाला इतक्याच ओळी’ अशी मर्यादा लावलीत तर आधी आलेल्या निरुपयोगी ओळी कोटा खातील आणि नंतरची महत्त्वाची ओळ गळेल. लिनक्समधलं लॉग गोळा करणारं जर्नलडी हेच करतं : ३० सेकंदांत एका सर्व्हिसच्या १०,००० ओळी ही त्याची मूळ मर्यादा, पुढचं टाकून देतं. तुमचे संदेश तिथूनच जात असतील तर ही मर्यादा आधी तपासा. पुष्कळदा सॉफ्टवेअरला दोष देतात आणि ओळी गिळलेल्या असतात जर्नलडीने.

मर्यादा संदेशाच्या साच्यावर लावा, भरलेल्या मजकुरावर नाही. ‘ओएनयू बंद’ हा एक साचा आणि तो कोणत्या पॉन पोर्टवर (ओएलटीच्या कोणत्या फायबरच्या तोंडावर) आहे, एवढ्या जोडीवर मोजा. पहिल्या पाच ओळी पूर्ण छापा, पुढच्या मिनिटाभरात आलेल्या मोजा आणि शेवटी एक ओळ : ‘पोर्ट ३, आणखी ५४ वेळा’. दाबलेल्यांचा आकडा न छापणारी मर्यादा लावूच नका, ती माहिती लपवते.

तुटलेली फायबर ओळखायचा मार्ग ओएनयूच देतो. वीज गेली की बरेचसे ओएनयू विझता विझता ‘डाइंग गॅस्प’ हा निरोप पाठवतात. फायबर तुटली तर निरोप येत नाही, नुसता प्रकाश जातो. तेव्हा हे दोन साचे वेगळे ठेवा. डाइंग गॅस्प खुशाल मोजून दाबा, पण निरोपाशिवाय एकाच पोर्टवरचे बरेच ओएनयू गेले तर ती ओळ कोणत्याही मर्यादेबाहेर ठेवा.

आणि डिबगचे संदेश फाइलमध्ये न लिहिता मेमरीत फिरत्या बफरमध्ये (भरला की जुन्या ओळींवर नव्या लिहिणाऱ्या जागेत) ठेवायची सोय करा. २०,००० ओळी, ओळ सरासरी २०० बाइटची, म्हणजे ४ एमबी. एरर झाली की तेवढा बफर फाइलमध्ये ओतायचा. बिघाडाच्या आधी काय घडलं ते मिळतं, एरवी डिस्कला हात लागत नाही. मजकूर तयार करण्याचा खर्च मात्र यात कायम चालू राहतो, म्हणून कच्च्या पॅकेटचा विषय यातून वगळा.

प्रश्न : बिघाड झाला की पुरवठादार डिबग लॉग मागतो. आम्ही फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो. यात धोका आहे का?
— वाचक, चिक्कोडी

उत्तर : आहे. एसएनएमपीच्या व्हर्शन २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा वापरायचा शब्द) उघडीच जाते. पॅकेटचा हेक्स डंप (त्यातल्या बाइटचे आकडे) छापला तर ‘पब्लिक’ हा शब्द ७० ७५ ६२ ६सी ६९ ६३ असा दिसतो, आणि तुमचा ‘गुप्त’ शब्दही तसाच दिसेल. फ्रीरेडियस मोठ्या एक्स-च्या पर्यायाने चालवला आणि ग्राहक पॅप या साध्या पासवर्डच्या पद्धतीने लॉगिन होत असतील, तर पासवर्ड सरळ मजकुरात छापला जातो.

फाइल तयार झाल्यावर शोधून पुसण्यावर भिस्त ठेवू नका, एखादी ओळ निसटतेच. कोडमध्ये पासवर्ड आणि कम्युनिटीसाठी वेगळा प्रकार करा, ज्याला छापायला सांगितलं तरी फक्त तारे छापेल. हेक्स डंप हा स्वतंत्र विषय ठेवा, ‘सगळं लावा’ म्हटलं तरी तो लागू नये. डिबग फाइलची परवानगी ०६४० (मालकाला लिहिता-वाचता, गटाला फक्त वाचता, इतरांना काहीच नाही). पुरवठादाराला देण्यासाठी एक कमांड करा, जी ठरावीक वेळेतल्या आणि ठरावीक यंत्राच्याच ओळी, आवृत्ती आणि चालू सेटिंग एकत्र बांधून देईल. अख्खी फाइल कुणालाच लागत नाही.

केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. म्हणून नेहमीचा लॉग आणि डिबगची फाइल एकत्र करू नका. दिवसाला ३.१ जीबी असं सहा महिने कोण ठेवणार?

प्रश्न : ओएलटीच्या ठिकाणाचं नाव आम्ही कन्नड आणि मराठीत टाकतो. लॉगमध्ये कधी चौकोन येतात, कधी ओळ मधेच तुटते.
— वाचक, भालकी

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. एसएनएमपीमधला ‘सिसलोकेशन’ हा ठिकाणाचा रकाना आस्की (साध्या इंग्रजी) अक्षरांसाठी आहे, कमाल २५५. देवनागरी किंवा कन्नड अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, जोडाक्षर त्याहून जास्त. काही यंत्रं ते बाइट जसेच्या तसे देतात, काही मधेच कापतात. यंत्रात इंग्रजी सांकेतिक नाव ठेवा आणि मराठी-कन्नड नाव तुमच्या डेटाबेसमध्ये. लॉगमध्ये मर्यादा घालून कापायचं असेल तर बाइटवर नको, पूर्ण अक्षरावर कापा.

ओळ तुटण्याचं कारण बहुधा यंत्राने पाठवलेल्या मजकुरातलाच ओळबदल आहे. सिस्कोच्या ‘सिसडेस्क्र’ या यंत्राच्या वर्णनाच्या रकान्यात तो असतोच. बाहेरून आलेला मजकूर लिहिताना असली नियंत्रण-चिन्हं सांकेतिक रूपात छापा, नाहीतर कुणीही खोटी ओळ तुमच्या लॉगमध्ये घुसवू शकतो.

प्रश्न : दोन सर्व्हरचे लॉग वेळेनुसार जुळत नाहीत. ओएलटीचे तर १९७० सालचे दिसतात.
— वाचक, कारवार

उत्तर : घड्याळाला बॅटरी नसलेलं यंत्र वीज येताच १९७० पासून सुरू होतं आणि एनटीपीकडून (नेटवर्कवरून) खरी वेळ मिळेपर्यंत तसंच राहतं. म्हणून यंत्राने सांगितलेली वेळ आणि तुम्हाला संदेश मिळाल्याची वेळ, दोन्ही लिहा. सिसलॉगच्या जुन्या रचनेत वर्षही नसतं आणि वेळेचा पट्टाही नसतो. २००९ ची नवी रचना वापरा, मिलिसेकंद आणि +०५:३० सकट. किती वेळ लागला ते मोजायला मात्र भिंतीवरच्या वेळेची वजाबाकी नको, मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ वापरा. एनटीपीने वेळ मागे सरकवली की उणे सेकंद निघतात.

प्रश्न : डिबगचा कोड तपासायचा कसा? तो तर एरवी चालतच नाही.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : म्हणूनच तो कुजतो. सगळ्या चाचण्या एकदा डिबग बंद ठेवून आणि एकदा सगळे विषय लावून चालवा. पायथनमध्ये साचा आणि किंमतींची संख्या जुळली नाही तर प्रोग्रॅम पडत नाही, फक्त एररच्या वाटेवर (स्टँडर्ड एररवर) चूक कुठे झाली ते सांगणारा ट्रेसबॅक येतो, तेव्हा चाचणीत त्यावर लक्ष ठेवा. सी भाषेत नल पॉइंटर मजकूर म्हणून छापला तर लिनक्सवर ‘नल’ असं दिसतं, दुसऱ्या प्रणालीवर प्रोग्रॅम पडू शकतो. डिबगच्या मॅक्रोत मोजणी वाढवणं, रांगेतून काढणं असलं काही लिहू नका. डिबगशिवाय बांधलं की ते कामही नाहीसं होतं.

आणि डिबग लावल्यावर बिघाड थांबतो असं दिसलं तर खूश होऊ नका. छपाईच्या विलंबाने दोन थ्रेडची वेळ बदलली आहे. तिथे फाइलऐवजी मेमरीतल्या बफरमध्ये फक्त क्रमांक आणि वेळ लिहा, मजकूर नंतर बनवा. विलंब कमी होतो आणि बिघाड बहुतेक वेळा पुन्हा दिसू लागतो.